‘मिजेट गोल्फ’ म्हणावं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेकीकडे नेदरलँड्सला गेलेले आईबाबा समुद्रकाठच्या एखाद्या गावात ‘मिजेटगोल्फ’ अशी मोठी पाटी बघतात. मजेचा खेळ दिसतो, तिकीट काढतात, फोटो काढतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. लगेच अमेरिकेतल्या भाच्याचा मेसेज येतो, “काका, हा शब्द इकडे चुकूनही लिहू नका, कमी उंचीच्या माणसांना हिणवायचा शब्द आहे तो.” मग काकांचा प्रश्न असतो की पाटीवर लिहिलंय ते मी लिहिलं तर बिघडलं कुठे? असे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मिजेट गोल्फ म्हणजे नेमका कोणता खेळ?

आपण ज्याला मिनी गोल्फ म्हणतो तोच. लांब फटके नाहीत, हिरवी कुरणं नाहीत. हातात फक्त पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, आणि समोर ओळीने अठरा छोट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर काही ना काही अडथळा असतो. कुठे चढ, कुठे बोगदा, कुठे फिरती पवनचक्की. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा. खेळ तोच आहे, फक्त इंग्रजीत या नावाचा काळ संपला.

हे नाव आलं कुठून?

खेळ आधी आला, नाव बरंच नंतर. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे १८६७ साली बायकांचा पटिंग क्लब निघाला. बाईने काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं तेव्हा सभ्यपणाचं मानत नसत, म्हणून त्यांच्यासाठी उंचसखल जमिनीवर फक्त पटिंगची वेगळी जागा केली गेली. त्या जागेला ‘हिमालयाज’ म्हणतात. ती अजून आहे आणि तिथे कुणालाही खेळता येतं. म्हणजे या खेळाची सुरुवातच ‘तुम्हाला मोठा खेळ नको, हा छोटा घ्या’ या वृत्तीतून झाली.

पुढचा टप्पा अमेरिकेत. नॉर्थ कॅरोलायनामधल्या पाइनहर्स्टला जेम्स बार्बर नावाच्या जहाज व्यावसायिकाने १९१६ च्या सुमारास आपल्या बंगल्याच्या आवारात छोटं गोल्फ मैदान करून घेतलं. तयार झालेलं मैदान बघून तो “धिस’ल डू”, म्हणजे “हे चालेल”, असं म्हणाला आणि त्याचंच ‘थिसल धू’ झालं, असं सांगतात. खरी अडचण होती गवताची. पटिंगला लागणारं गवत राखणं म्हणजे पैसा आणि पाणी. थॉमस फेअरबेर्न याने १९२२ मध्ये त्यावर तोड काढली. सरकीची टरफलं बारीक करून त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग मिसळायचा आणि ते जमिनीवर दाबून बसवायचं. विदर्भ-खानदेशात सरकी म्हटलं की ढेप आणि तेल आठवतं. तिकडे तिच्या टरफलांवर एक अख्खा धंदा उभा राहिला, कारण आता गच्चीवरसुद्धा गोल्फ खेळता येणार होतं. न्यूयॉर्कच्या इमारतींच्या गच्च्यांवर अशी मैदानं भराभर निघाली.

मग आला गार्नेट कार्टर. जॉर्जिया-टेनेसीच्या सीमेवरच्या लुकआउट माउंटनवर त्याचं हॉटेल होतं. तिथे त्याने विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात छोटं गोल्फ सुरू केलं. बुटक्या दाढीवाल्यांच्या मूर्ती, परीकथेतली घरं ही सगळी सजावट त्याची बायको फ्रीडा हिची. नाव ठेवलं ‘टॉम थंब गोल्फ’. मैदानाचा तयार संच विकायची शक्कलही कार्टरचीच. १९३० पर्यंत अमेरिकेत अशी हजारो मैदानं झाली, काही अंदाज पंचवीस हजारांच्याही पुढे जातात. महामंदी नुकतीच सुरू झाली होती. रिकाम्या प्लॉटवर जुन्या टायर-पाइपांचे अडथळे मांडून लोक मैदानं उघडत होते. अभिनेत्री मेरी पिकफर्डनेही लॉस एंजेलिसला एक काढलं होतं.

या लाटेत वर्तमानपत्रांना झटपट छापायला छोटं, चटपटीत नाव हवं होतं. ‘मिनिएचर’ लांब पडायचं. ‘मिजेट गोल्फ’, ‘पी-वी गोल्फ’, ‘टॉम थंब’ अशी नावं मथळ्यांत आली आणि जाहिरातींतून पाट्यांवर गेली.

टॉम थंब हे तर गोष्टीतलं नाव. त्याचा इथे काय संबंध?

गोष्टीतला अंगठ्याएवढा टॉम खराच जुना. पण अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे ‘टॉम थंब’ म्हटलं की दुसराच चेहरा यायचा, तो चार्ल्स स्ट्रॅटनचा (१८३८–१८८३). खेळवाला, म्हणजे तिकीट लावून माणसांची प्रदर्शनं भरवणारा, पी. टी. बार्नम याने हा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना घरच्यांशी करार करून त्याला रंगमंचावर उभं केलं, ‘जनरल टॉम थंब’ असं नाव दिलं आणि वय अकरा सांगितलं. मूल लहान दिसतं यात नवल काय, पण अकरा वर्षांचा मुलगा एवढासा म्हटलं की तिकीट खपतं. स्ट्रॅटन पुढे श्रीमंत झाला, राजेराण्यांना भेटला, हेही खरं. तेव्हा छोट्या गोल्फला ‘टॉम थंब’ आणि ‘मिजेट’ ही दोन्ही नावं एकाच तिकीटखिडकीतून आली, असं माझं मत आहे.

त्या काळी हे कुणालाच खटकलं नाही का?

खटकलं असणार, पण ज्यांना खटकलं त्यांना विचारत कोण होतं? तेव्हाचं वातावरण बघा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ड्रीमलँड नावाच्या करमणूक उद्यानात १९०४ ला ‘लिलिपुशिया’ वसवलं होतं. लहान चणीची सुमारे तीनशे माणसं तिथे राहायला आणली. घरं अर्ध्या मापाची, न्यूरेंबर्गच्या धर्तीवर. त्यांचं स्वतःचं अग्निशमन दलही होतं. त्यांनी दिवसभर खोट्या वर्दीवर बंब घेऊन पळायचं आणि पैसे मोजून आलेल्या लोकांनी हसायचं. १९११ मध्ये ड्रीमलँडला खरी आग लागली आणि सगळं जळून गेलं. तरी हौस फिटली नाही. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ‘मिजेट व्हिलेज’ होतंच, म्हणजे गोल्फची लाट ओसरल्यावर दोन-तीन वर्षांनी.

आपण हात वर करायचं कारण नाही. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे गावोगावच्या सर्कशींत बुटका जोकर हा ठरलेलाच असायचा. उंच जोकरने त्याच्या टपलीत मारायची, तो पडायचा आणि अख्खा तंबू खिदळायचा. त्या तंबूत बहुतेक आपण सगळेच बसलेलो आहोत.

या शब्दात एवढं वाईट काय आहे? अर्थ तर ‘छोटा’ एवढाच ना?

इंग्रजीत ‘मिज’ म्हणजे चिलट. त्यालाच शेपूट जोडून ‘मिजेट’ झालं. एकोणिसाव्या शतकात तो शब्द माणसांना लागला आणि खेळवाल्यांनी त्याला ठरावीक अर्थ दिला: ज्याच्या अंगाचं प्रमाण नेहमीसारखं आहे पण उंची फार कमी आहे, असा प्रदर्शनात ठेवण्याजोगा माणूस. हे वर्गीकरण डॉक्टरांपेक्षा तिकीट विकणाऱ्यांच्या कामाचं होतं.

म्हणजे शब्दाच्या अर्थापेक्षा तो कुठे कुठे वापरला गेला ते जास्त महत्त्वाचं. ज्या माणसाला बसमध्ये, शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत हाच शब्द ऐकून लोक हसताना दिसले, त्याला व्युत्पत्ती सांगून काय उपयोग.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९५७ मध्ये अभिनेता बिली बार्टी याने नेवाडातल्या रीनो शहरात लहान चणीच्या माणसांना एकत्र बोलावलं. जेमतेम वीसेक जण आले. त्यांनी जी संघटना काढली तिचं पहिलं नाव होतं ‘मिजेट्स ऑफ अमेरिका’. तेव्हा त्यांनी स्वतःच तो शब्द घेतला होता. पण संघटनेत सगळ्या प्रकारची लहान चण असलेली माणसं यावीत म्हणून थोड्याच वर्षांत नाव बदलून ‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’ केलं. पुढे याच संघटनेने २०१५ मध्ये हा शब्द वापरातून जावा अशी जाहीर भूमिका घेतली. “पूर्वी त्यांना चालत होतं की” असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगावं की हो, चालत होतं, आणि आता चालत नाही असंही त्यांनीच सांगितलंय.

‘ड्वार्फ’ चालतं, मग ‘मिजेट’ का नाही?

‘ड्वार्फिझम’ ही वैद्यकीय संज्ञा आहे. त्यामागे शेकडो कारणं असू शकतात. सगळ्यांत जास्त आढळणारं अकॉन्ड्रोप्लेझिया. त्यात एका जनुकातल्या बदलामुळे हाडांची लांबी वाढत नाही. अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात, तेव्हा ‘कुणाच्या वळणावर गेला’ हे शोधत बसू नये. ‘ड्वार्फ’ हा शब्द काहींना चालतो, काहींना ‘लिटल पर्सन’ बरं वाटतं, आणि बहुतेकांना नावानं हाक मारलेली आवडते. ‘मिजेट’ मात्र मुळात दवाखान्यातला शब्द नव्हता.

गोल्फचं हे नाव बदलायचं कुणी ठरवलं?

कुणीच नाही. आंदोलन झालं नाही, ठराव झाला नाही. १९३० ची लाट वर्षा-दोन वर्षांत ओसरली आणि बहुतेक मैदानं बंद पडली. पुन्हा खेळ वर आला तेव्हा धंदा करणारे नवे होते आणि त्यांनी नावंही नवी आणली. १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या फेएटव्हिलला डॉन क्लेटन याने ‘पट-पट’ सुरू केलं. पवनचक्क्या बंद, सगळ्या पट्ट्या अशा की नेम बरोबर असेल तर एका फटक्यात चेंडू जावा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये अस्कोना इथे पॉल बोंग्नी याच्या आराखड्याचं काँक्रीटचं मैदान उघडलं. त्याने ‘मिनीगोल्फ’ हे नाव रुजवलं. आज जागतिक संघटनेच्या नावात तेच आहे. गोव्यात २०२३ ला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या यादीतही ‘मिनी गोल्फ’ असंच होतं. इंग्रजीत जुनं नाव वापरातून गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी तो शब्द अपमानकारक ठरू लागला, त्यामुळे भांडायला तिथे काही उरलंच नव्हतं.

मग नेदरलँड्समध्ये अजून तीच पाटी कशी?

कारण डच लोकांनी तो शब्द खेळाबरोबर उचलला, माणसांबरोबर नाही. डच भाषेत ‘मिजेटगोल्फ’ हा एकच जोडशब्द आहे. शब्दकोशात आहे, रस्त्यांच्या फलकांवर आहे. लहान चणीच्या माणसाला हिणवायला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत. तिथल्या अशा माणसांची संघटनाही स्वतःला ‘क्लाइने मेन्सेन’ म्हणजे ‘लहान माणसं’ म्हणवते. डच पोराच्या डोक्यात ‘मिजेटगोल्फ’ म्हटलं की पट्ट्या, काठी आणि नंतरचं आइसक्रीम एवढंच येतं. इंग्रजी सगळ्यांनाच येऊ लागल्यापासून काही ठिकाणी ‘मिनीगोल्फ’ दिसू लागलंय, पण जुना शब्द अजून घट्ट आहे.

म्हणजे डच माणूस चुकतोय का? त्याला टोकावं का?

तिकीटखिडकीवरच्या कॉलेजच्या मुलीला व्याख्यान देऊ नका. डच बोलत असाल तर डच शब्द वापरा. इंग्रजी किंवा मराठीत बोलत असाल तर ‘मिनी गोल्फ’ म्हणा. एवढ्यावर काम भागतं. कुणी डच मित्र इंग्रजी बोलताना सहज ‘मिजेट गोल्फ’ म्हणाला तर नंतर बाजूला घेऊन सांगा. तो बहुधा आभारच मानेल, कारण हे तो ऑफिसच्या इंग्रजी मीटिंगमध्ये बोलला असता तर पंचाईत झाली असती.

हे जरा अतीच नाही का होत? शब्दाने कुणाचं काय वाकडं होतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. आपल्याकडचंच एक उदाहरण घ्या. पतसंस्थेचा एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, दुकानदार गल्ल्यातून शंभर-दोनशे काढून देतो, एजंट पावती देतो. ही ‘पिग्मी’. ‘पिग्मी भरली का?’ ‘लग्नाला पिग्मी मोडली.’ ही योजना १९२८ मध्ये उडुपीला पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिने सुरू केली. दिवसाला दोन आणे इतकी छोटी बचत, म्हणून नाव ‘पिग्मी’. आता पिग्मी हे नाव मध्य आफ्रिकेतल्या बाका, आका, म्बुटी, त्वा अशा वेगवेगळ्या समाजांना बाहेरच्यांनी एकत्र बांधून दिलेलं. त्यातल्या अनेकांना ते आवडत नाही, आपापल्या नावाने ओळखलं जावं असं त्यांना वाटतं. इचलकरंजीच्या बाजारात पिग्मी भरणाऱ्याच्या मनात त्या माणसांचा विचार कधी येतो? शक्यच नाही. डच माणसाचं ‘मिजेटगोल्फ’ हे अगदी असंच आहे. म्हणून त्याला दुष्ट ठरवायला मी तयार नाही. पण उद्या बाका समाजातला कुणी तुमच्या दुकानात उभा राहिला आणि एजंटने “पिग्मी!” अशी हाक दिली, तर तुम्हीच चपापाल की नाही?

शिवाय बदलायला फार कष्ट पडतात असंही दिसत नाही. कॅनडात पोरांच्या आइस हॉकीत ‘मिजेट’ नावाचा वयोगट होता. २०२० मध्ये त्याचं ‘१८ वर्षांखालील’ झालं. आणि खरं सांगायचं तर वय सांगणारं हे नाव पालकांना जास्त कळतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेदाण्याच्या प्रतवारीत बारीक मालाला ‘मिजेट’ म्हणत. लिटल पीपल ऑफ अमेरिकाच्या विनंतीवरून तो शब्द काढत असल्याचं खात्याने २०१९ मध्ये जाहीर केलं. तासगाव-सांगलीचा बेदाणेवाला सांगेल की प्रतवारी कणाच्या आकारावर ठरते, नावावर नाही. ब्रिटनमध्ये ‘मिजेट जेम्स’ नावाच्या गोळ्या मिळतात. मार्क्स अँड स्पेन्सरने २०२२ मध्ये आपल्या पाकिटावर ‘मिनी जेम्स’ केलं, तेही लिव्हरपूलच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने लक्षात आणून दिल्यावर. बदललं नाही असंही आहे. इलिनॉयमधल्या फ्रीबर्गच्या शाळेच्या संघाचं नाव ‘मिजेट्स’. संघटनेने विनंती करूनही शाळेने ते कायम ठेवलं. गावाच्या आठवणी त्या नावाशी जोडलेल्या आहेत, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. पटत नाही.

मिजेट कार रेसिंग, मिजेट पाणबुडी यांचं काय?

ती नावं अजून अधिकृत आहेत. बातमीत नाव म्हणून आलं तर तसंच लिहावं. पाणबुडीला मराठीत ‘छोटी पाणबुडी’ म्हटलं तर काही अडत नाही.

मराठीत अशा माणसाला काय म्हणायचं?

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यात ‘ड्वार्फिझम’चा समावेश आहे. प्रौढ व्यक्तीची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी, अशी व्याख्या आहे. मजकुरात ‘कमी उंचीची व्यक्ती’ किंवा ‘लहान चणीची व्यक्ती’ सरळ आणि पुरेसं. बुटबैंगण, टिंगू, ठेंगू, गिड्डा हे शब्द चिडवायचेच आहेत, त्यांत वाद नको.

“मग वामन म्हणू का? तो तर अवतार आहे,” असं विचारणारे असतात. बळीराजाकडे तीन पावलं मागणारा वामन थोरच, पण शेजाऱ्याला ‘वामनमूर्ती’ म्हणताना आपल्या डोक्यात विष्णू नसतो, हे आपल्यालाही माहीत असतं. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हेही जपून. नागपूरच्या ज्योती आमगे हिची १६ डिसेंबर २०११ ला, अठराव्या वाढदिवशी, गिनेसने जगातली सर्वांत कमी उंचीची हयात महिला म्हणून नोंद केली, ६२.८ सेंटिमीटर. तिच्यावरच्या बातमीत ही म्हण हमखास येते. नवदीप सिंगने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४१ या कमी उंचीच्या खेळाडूंच्या गटात ४७.३२ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवलं. तिथे बातमी भाल्याची आहे. उंची गटाच्या माहितीत एकदा आली की पुरे.

जुन्या मजकुराचं भाषांतर करताना ‘मिजेट गोल्फ’ आलं तर?

१९३० च्या मथळ्याचा उतारा देत असाल तर अवतरणात तसंच ठेवा आणि एका ओळीत सांगा की हे तेव्हाचं नाव. इतिहासातून शब्द पुसला तर लिलिपुशियाही पुसलं जातं. बाकी निवेदनात ‘मिनी गोल्फ’. आणि कृपा करून ‘बुटका गोल्फ’ असं भाषांतर करू नका. मी ते छापील पाहिलंय.

नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच खेळणार आहोत. काही सूचना?

तिकिटाबरोबर काठी, रंगीत चेंडू, गुणपत्रक आणि बोटभर पेन्सिल मिळते. फटके मोजायचे, पण सहा फटक्यांत चेंडू गेला नाही तर सात लिहून पुढे जायचं. आपल्याकडची माणसं इथेच अडतात, “थांब, एकदा घालूनच दाखवतो” म्हणत मागे रांग लावतात. चेंडू काठाला चिकटला तर थोडा आत घेऊन मारता येतो. काही मैदानांत सिमेंटच्या पत्र्याच्या, सव्वासहा मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद पट्ट्या असतात, त्यांवर पाय द्यायचा नाही, बाजूने चालायचं. काँक्रीटच्या पट्ट्या १२ मीटरच्या. त्यांवर पाऊस पडून गेला असेल तर चेंडू अर्ध्यात थांबतो, तेव्हा फटका जरा जोरात.

सोसायटीच्या गॅदरिंगला स्टॉल लावायचाय. नाव काय देऊ?

‘मिनी गोल्फ’. सगळ्यांना कळतं. नावापेक्षा मांडणीकडे बघा. काठ्या दोन-तीन लांबीच्या ठेवा, म्हणजे पोरं आणि कमी उंचीची मोठी माणसं दोघांनाही खेळता येईल, आणि छोट्या काठीवर ‘किड्स’चं लेबल चिकटवू नका. अमेरिकेत कायद्यानेच मैदानातली किमान निम्मी भोकं व्हीलचेअरवरून जाता येतील अशी, आणि तीही सलग, ठेवावी लागतात. आपल्या पार्किंगमध्ये सहा पट्ट्या मांडणार असाल तर त्यातल्या पहिल्या तीन अशा करा आणि मध्ये उंबरा येऊ देऊ नका. गुणपत्रकाचं टेबल मात्र हमखास उंच असतं, तिथे एक खालच्या उंचीचं स्टूल ठेवा.